भरतेशची पुडी

ती. आईस,

लांबूनच पाया पडतो. मी बरा हाय. जर्मनीत थंडी हाय, पण तू विणलेला स्वेटर पुरतो. फोनवर तू पहिलं माझ्या लॅबमधल्या भरतेशचंच विचारतीस, म्हणून हे कागदावर लिहितो.

तुझा सांगलीचा भरतेश लय मजेत हाय. आमच्या लॅबमधे अणू खालच्या पायरीवरनं तिसऱ्या पायरीवर न्यायचे असत्यात. मधल्या पायरीवर टेकले की वाया गेले. त्यासाठी लेसरचे दोन झोत. मधल्या पायरीवरनं वर नेणारा आधी, खालनं मधल्या पायरीवर नेणारा मागनं. हे उलटं गणित मला बी ठाऊक होतं. पण मी झोत झटक्यात चढवायचो आणि निम्मे अणू मधेच गळायचे. हा आला, दोन्ही झोत हळूहळू चढवले, हळूहळू उतरवले. पहिला ओसरायला लागला की दुसरा चढता. जवळजवळ सगळे अणू वर!

प्रोफेसरांनी त्याची पाठ थोपटली. मी बी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्या लागत्यात.

आबांचा गुडघा कसा हाय? ऊस तुटला का?

भरतेश जैन, म्हणून तू त्याच्यासाठी बिनलसणाची शेंगांची चटणी वेगळी पाठवलीस, ती दिली. त्याची पुडी माझ्या पुडीपेक्षा मोठी होती, हे मी बघितलं. खाऊन म्हणाला, "जयराज, आईंचा नंबर दे की. आभार मानतो."

दिला न्हाई. लेसर त्याला जमला, प्रोफेसर बी त्याचेच झाले. तुझा नंबर तेवढा माझ्याकडंच राहू दे.

तुझा, आणि तुझाच,
जयराज