पुढच्या चाकाला बांधलेला दोरा

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

विमान नाकावर बसलं! आमच्या फ्लाइंग स्कूलची श्रेया वाचली. कपाळाला टाके पडले, बाकी धड आहे. देवाची कृपा म्हणायला जीभ रेटत नाही.

एकटीच उडवत होती. धावपट्टीवर टेकली, पुढचं चाक दुमडलं. सगळे म्हणतायत, शिवशंकर पहिला धावला. धावलोच. पट्टा सोडवला, पोरीला बाहेर काढलं, गवतात बसवलं. तिचं एकच — "काका, तिसरा दिवा लागलाच नाही. दोन हिरवे, पुढच्या चाकाचा नाहीच."

नंतर शेपटीवर माणसं बसवून विमानाचं नाक उचललं. खाली वाकलो तो मीच. लॉकच्या हूकमध्ये पूजेचा दोरा आवळून बसलेला. ओढून काढला. खिशात घातला.

का घातला? हात गेला खिशात. बास.

४ ऑक्टोबर

इथं तरी लिहितो, कुणाला सांगवत नाही तर.

खंडेनवमीला हँगरमध्ये दरवर्षी पूजा असते. पान्हे, जॅक मांडायचे, विमानांना हळदीकुंकू, चाकांना झेंडूचे हार आणि लाल दोरा. दोरा मीच बांधायचा — मान माझा! पूजेचा दोरा कापायचा नसतो, आपोआप झिजून पडू द्यायचा. आधीच्या विमानांची चाकं कायम खालीच असायची, दोरा राहिला तरी काही बिघडत नव्हतं. हे नवं विमान चाकं पोटात घेतं. चाक आत गेलं की दोरा सरकणार, हूकमध्ये गुंतणार, मग चाक खाली येऊनही लॉक बसणार नाही, त्याचा हिरवा दिवा लागणार नाही. हे मला कळत नव्हतं? विद्यार्थ्यांना मीच शिकवतो की!

काल सकाळची तपासणी माझीच. हार काढले. दोरा दिसला. नमस्कार केला आणि पुढं गेलो.

९ ऑक्टोबर

विमान जॅकवर घेतलं. चाक सरळ करून वरखाली करून बघितलं. तिन्ही दिवे हिरवे. लागणारच ना!

आमचे चीफ इंजिनिअर राजेंद्र सर म्हणाले, "बघितलं का शिवशंकर? दिवा लागतोय. पोरगी घाबरली, नाक आपटलं, आता गोष्टी सांगायलीय." मी मान हलवली. तोंडातून शब्द काढला नाही, म्हणजे खोटं बोललो नाही — घरी पुंडलिकनगरला पोचेपर्यंत स्वतःला हेच समजावत होतो. शहाणाच मोठा!

चौकशी होईपर्यंत तिचं उडणं बंद केलंय. चूक तिची ठरली तर घरी पाठवणार.

१० ऑक्टोबर

दोरा निर्माल्यात टाकला. कचऱ्यात टाकवेना. पूजेचा ना! दोऱ्याचा मान राखला पठ्ठ्यानं, पोरीचा नाही. थू माझ्या जिंदगानीवर.

१३ ऑक्टोबर

सुरेखानं फुलंब्रीच्या सगळ्या पाहुण्यांना फोन केले. "ह्यांनी जळत्या विमानातून पोरगी काढली!" जळत होतं कुठं? ओरडलो तिच्यावर. ती म्हणे, "लई चिडचिड करायलात तुम्ही. चांगलंच सांगितलं ना मी?" नवऱ्याचं कौतुक करणाऱ्या बाईवर ओरडतो मी. मग दोघंही जेवलो नाही.

१४ ऑक्टोबर

आज श्रेया हँगरमध्ये आली. उस्मानपुऱ्यातून रिक्षानं, एकटी. टाके निघालेत, व्रण राहणार. सरळ विचारलं तिनं. "काका, तुम्ही खाली वाकला होतात. चाकात काही दिसलं का?"

"नाय बेटा. सगळं ठीक होतं."

बेटा म्हणालो! वर बेटा म्हणालो!

भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे ठीकच असेल. मलाच दिसला नसेल दिवा." पाणी प्यायली आणि गेली. मी दिवसभर एकच नट सोडत-आवळत बसलो.

१५ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

१६ ऑक्टोबर

सांगितलं. राजेंद्र सरांच्या केबिनमध्ये, उभ्या उभ्या. सर आधी हसले. मग दार लावलं. "दोरा कुठंय?"

"टाकला."

"मग आता काय दाखवशील? श्रेयानं काल कबूल केलं — दिवा लागला होता, घाबरून तिला दिसला नाही. मिटलं सगळं. स्वतःचं लायसन कशाला घालवतोस? गप बस."

गप बसणार नाही म्हणालो. चौकशीवाल्यांना जाऊन सांगतो, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण ती पोरगी... दिवा लागला होता असं ती म्हणाली! काल सांगितलं असतं तर?

१७ ऑक्टोबर

श्रेयाला फोन केला. दोरा, हूक, खिसा, सगळं सांगितलं. म्हणाली, "काका, मला बरं वाटावं म्हणून खोटं नका ना बोलू."