सायलीचा निबंध

रविवार, १५ फेब्रुवारी

दिवाळीनंतर इथे एक ओळही लिहिली नाही, आळस माझाच. आज मात्र लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सायलीला एमबीएला प्रवेश मिळाला. अर्जासोबत 'मी कशी आहे' यावर निबंध द्यायचा होता. तिने लिहिलं होतं, 'मला एकटीने, शांतपणे काम करायला आवडतं. दहा जणांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो.' मी इंग्रजी तपासायला म्हणून घेतला, ती वाक्यं काढली आणि 'चार लोकांचं नेतृत्व करताना मी खुलते' असं घातलं. मग सगळाच नव्याने लिहिला. ती मदत होती? की मलाच तशी मुलगी हवी होती?

आज कळलं, तिथे रोज वर्गात उभं राहून वाद घालायचा असतो, गुणही त्याचेच. मी विचारलं, "अगं, जमेल ना तुला?"

"त्यांनी तुला निवडलंय, आई. अभिनंदन! होस्टेलवर मात्र मी राहणार."

हसत म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिच्या बंद खोलीतून माझीच वाक्यं ऐकू येत होती, तिचा नसलेल्या चढ्या आवाजात. नेतृत्वाच्या वाक्यापाशी अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी दार वाजवलं नाही. का नाही वाजवलं?

उद्या ती हिंजवडीच्या ऑफिसात राजीनामा देणार आहे.

उद्याचं काम: कंपनीची बस येण्याआधी सायलीला राजीनामा देऊ नकोस म्हणणे, आणि का ते सांगणे.