शेजारचं टार्गेट

५ जानेवारी १९८७
क्लबच्या मीटिंगमध्ये कारखान्याच्या जीएमसाहेबांनी जाहीर केलं की सव्वीस तारखेला टाउनशिपच्या नव्या शूटिंग रेंजचं उद्घाटन. प्रात्यक्षिक कोचसाहेब देणार, म्हणजे मी. शेजारच्या लेनवर माझी शिष्या सिंधू. मी ‘ज़रूर’ म्हणालो. आवाज खणखणीत होता.
नॅशनलनंतर मी एअर पिस्तूल चालवलेलं नाही. कोचनं स्वतः मारू नये, हे माझं तत्त्व. त्या फायनलमध्ये हात थरथरला, त्याच्याशी याचा संबंध नाही.

८ जानेवारी
रोज पहाटे गुपचूप प्रॅक्टिस करायचं ठरवलं. गेलो. रेंजला कुलूप. फार वाईट वाटलं. घरी येऊन झोपलो. किल्ली स्वेटरच्या खिशातच निघाली.

११ जानेवारी
पिस्तूल धरलं. हात थरथरतो. चहा बंद.

१३ जानेवारी
चहा बंद, थरथर चालू. सुधा म्हणाली, सरळ सांगा ना भीती वाटते म्हणून. बायकोला खेळातलं काही कळत नाही. चहा सुरू.

१६ जानेवारी
सिंधूनं विचारलं, सर, डर लगे तो क्या करना? तिला चांगलं सुनावलं. चॅम्पियनला भीती वाटतच नाही. ज्याला वाटते त्यानं कॅरम खेळावा. छान बोललो. घरी येऊन सुधाला कॅरमबोर्ड कुठे ठेवलाय ते विचारलं.

१९ जानेवारी
सिंधू येईनाशी झाली. तिची आई शारदाबाई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, पोर म्हणते, मला तर रोज भीती वाटते, म्हणजे हे माझं काम नव्हे. नेमबाजी सोडणार, महूच्या स्टेट ट्रायल्सलाही जाणार नाही. फार वाईट झालं. इतका चांगला हात. पण शिष्याच नाही तर प्रात्यक्षिक कसलं? जेवण बरं गेलं.

२० जानेवारी
जीएमसाहेब म्हणाले, कोई बात नहीं, आप अकेले चलाइए.
तडक स्कूटर काढून इंद्रपुरीत सिंधूच्या घरी. शिष्येच्या भवितव्यासाठी एवढं करावंच लागतं. हातापाया पडलो. त्या दिवसापुरती तयार झाली.

२५ जानेवारी
मला भीती वाटते आहे.
वरची ओळ उद्या खोडावी.

२६ जानेवारी
पाच छर्रे मारायचे होते. हात स्थिर, श्वास नेमका. इतकं सुंदर कधीच मारलं नव्हतं. दोरीचं चाक फिरवून टार्गेट जवळ आणलं, तर माझा कागद कोरा. माझे पाचही छर्रे सिंधूच्या कागदावर. शेजारच्या टार्गेटवर मारलेल्याचे आमच्या खेळात शून्य मार्क. कोणते कुणाचे हे विचारावं लागलं नाही. तिचे मधोमध होते.
ही चूक कशी होते ते मुद्दाम दाखवलं, असं मी सांगितलं. जीएमसाहेब झेंड्याकडे बघत राहिले.

२७ जानेवारी
सिंधू घरी आली. म्हणाली, तिनं मारायच्या आधीच तिच्या टार्गेटवर भोक दिसलं, तेव्हाच कळलं की सर तो बहुत डरे हुए हैं. मग तिचा हात शांत झाला. आता ती महूला जाणार. मी मागे उभं राहायचं. तिथे काय काय सांगू, मी विचारलं. म्हणाली, कुछ मत बोलिए सर, बस दिखते रहिए. आपको देखकर लगता है, मैं तो ठीक हूँ.
सुधा माझी बॅग भरते आहे.