कोऱ्या कापडातलं रेझिन

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

सेहेचाळीस टक्के. तीन तुकडे जाळले, तिन्हींत सेहेचाळीस. सहादूच्या मनगटाला रेझिनचा नळ जोडलाय की काय.

गिऱ्हाइकाला फवारणीच्या ड्रोनचे हात हवेत. त्यात थर चिकटवणारं रेझिन चौतीस ते अडतीस टक्के, बाकी कार्बनचं कापड. जास्त झालं तर हात जड होतो. कमी झालं तर कापडाचे थर एकमेकांना धरत नाहीत. माझं काम सोपं – तुकडा तोलायचा, पाचशे पासष्ट अंशांच्या भट्टीत ठेवायचा, रेझिन जळून गेलं की उरलेलं कापड तोलायचं आणि वजाबाकी करायची. चौथीतलं पोर करील. मी तेवीस वर्षं पगार घेऊन केलं, काचेच्या धाग्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात. सहादू तिथेच कापडावर रेझिन चढवायचा, इथेही तेच करतो. इथे अंबडला आजवर कुणी मोजतच नव्हतं. नव्या गिऱ्हाइकाला रिपोर्ट हवा म्हणून मी आलो, आणि माझ्यामागून भट्टी. माझं नाव सहादूनेच सुचवलं.

मालक रविराज, वय एकतीस, रिपोर्ट बघून म्हणाला, "काका, हा सहादूचा टाकीचा हात. बादलीने ओतायची सवय जाते का?"

मी मान डोलावली.

मंगळवार, ११

सहादूला आकडा सांगितला. "शेहेचाळीस? मग चष्मा मला लावा, नायतर तुमच्या काट्याला."

रविराजने सगळ्यांसमोर बजावलं – छत्तीस दिसलं नाही तर सुरतेहून दुसरा कारागीर आणतो. सहादू चोपन्न वर्षांचा. अंबडच्या गेटागेटांवर बायोडेटा घेऊन फिरणारा सहादू डोळ्यांपुढे आला. जेवायची सुट्टी होती, जेवलो.

गुरुवार, १३

एकेचाळीस. सहादू रोलर असा दाबतो की कापडाशी जुनं वैर असावं.

शनिवार, १५

छत्तीस!

रविराजने पेढे मागवले. मी सही केली, शिक्का मारला, चाळीस हात दुपारच्या टेम्पोने नामपूरला गेले. तिकडे कांद्यावर फवारणी करणार आहेत.

सहादूने पेढा घेतला नाही. "धुणं पिळल्यागत पिळलंय, साहेब. मला नाय पटत."

"तुला नको पटू दे, काट्याला पटलंय ना."

घरी ही म्हणाली, "दिवसभर राख तोलता, आणि मी दोन किलो कांदे आणायला सांगितले की पाठ धरते." कांदे आणले.

मंगळवार, १८

नवा माल. सहादू अडून बसलाय – पिळणार नाही, माझ्या हाताने करीन. कर बाबा.

बुधवार, १९

पंचेचाळीस.

रविराज ओरडला नाही, तेच वाईट. हळू आवाजात म्हणाला, "सहादू, शनिवार शेवटचा." आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

संध्याकाळी सहादू लॅबमध्ये आला. कधी येत नाही. बूट दाराबाहेर काढून आला, देवळात आल्यासारखा. हातात कार्बनच्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा. टेबलावर ठेवला.

"हे कोरं हाय. रेझिनचा थेंब नाय लागला याला. जाळून बघा. ह्याच्यातबी माझंच रेझिन निघल."

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

गुरुवार, २०

त्याचं तोंड बंद करावं म्हणून तो तुकडा भट्टीत टाकला. नेहमीचं तापमान, नेहमीची वेळ. थंड केला, तोलला.

पंधरा टक्के गायब.

काटा बिघडला असेल म्हणून वजनं ठेवून तपासला. ठणठणीत. रोलमधून दुसरा तुकडा स्वतः कापला, पुन्हा जाळला. सोळा.

म्हणजे कोऱ्या कापडात पंधरा टक्के रेझिन! काच या भट्टीत जळत नाही, म्हणून तेवीस वर्षं वजाबाकी बरोबर येत होती. आणि हा कार्बन – कोळशाचा सख्खा भाऊ. त्याला सहाशेच्या घरात तापवायचं आणि तो तसाच राहील म्हणून बसायचं! भट्टी रेझिन खात होती, वर कापडही खात होती, आणि मी दोघांचंही पाप सहादूच्या नावावर लिहीत होतो.

टाकीचा हात होताच. माझा.

चाचण्यांचं पुस्तक काढलं. कार्बन असेल तर अ‍ॅसिडमध्ये रेझिन विरघळवा, कापड धुऊन वाळवून तोला – स्वच्छ लिहिलंय, पुढच्याच पानावर. ते पान उलटायची मला गरज वाटली नव्हती.

शुक्रवार, २१

सातपूरला ओळखीच्या लॅबमध्ये तुकडे दिले. तिथल्या पोरीने दुपारी फोन केला. सहादूचा पहिला माल, माझ्या रिपोर्टात सेहेचाळीस – खरा छत्तीस. परवाचा पंचेचाळीसवाला – पस्तीस.

रविराजला सगळं सांगितलं, काही न झाकता. त्याने भट्टीकडे बोट दाखवलं. "काका, ही मी घेतली तेव्हा तुम्हीच पसंत केली होती ना?"

"हो."

"मग सहादूला तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही."

सहादू रोलर धूत होता. सांगितलं. हात थांबले.

"मला वाटलं, माझा हातच गेला," म्हणाला. मग रोलर ठेवून, "चहा सांगा, साहेब. तुमच्याकडून."

सांगितला. त्याने एक घोट घेतला. "साखर किती टक्के हाय, जाळून बघता का?"

बघून घेईन म्हणालो. उद्या तो येणार, सोमवारीही येणार.

शनिवार, २२

सातपूरहून उरलेला एक आकडा सकाळी आला. फायलीत असावा म्हणून पास झालेल्या मालाचाही तुकडा दिला होता. माझ्या सहीचा, छत्तीसवाला. चोवीस टक्के. थर धरून ठेवायलाही पुरणार नाही.

हे चाळीस हात सहादूने माझ्या आकड्यापायी पिळले. ते आज नामपूरच्या शेतांवरून उडतायत, खाली माणसं उभी आहेत. गिऱ्हाइकाचा फोन लागत नाही. नामपूरला जायला रविराज गाडी काढतोय.