खायचं, लावायचं, वाचायचं

सोमवार, ६ जानेवारी २०२५

अरीबाचे पाय सुजलेत.

सँडलचा पट्टा लागेना म्हणून तिनंच दाखवलं. घोट्याजवळ बोटानं दाबलं तर खळगा पडला, आणि बोट काढलं तरी तसाच राहिला. ती हसली. म्हणाली, रोज लग्नाची खरेदी, चालून चालून दुसरं काय होणार! दोन फेब्रुवारीला तिचा निकाह आहे, गडहिंग्लजच्या सोहेलशी. शिंपी, बांगड्या, दुपट्ट्याची जर— नजीरा चाची लेकीला रोज कुठे ना कुठे फिरवतेय.

असेलही तसं. मीही हसले. पण तो खळगा काही डोळ्यांसमोरून जात नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

शनिवारची तयारी. आमचं इन्स्टाचं पान— ‘शनिवारची शिदोरी’. अरीबा फोटो काढते, मी लिहिते. दर शनिवारी तीनच गोष्टी: खायचं, लावायचं, वाचायचं. सुट्टीला कुठे काय खावं, तोंडाला-केसांना काय लावावं, फोनवर वाचण्यासारखं काय आहे. कॉलेजच्या लायब्ररीतली नोकरी संपली की माझा सगळा जीव या पानात. कोल्हापूरच्या पोरी तर वाचतातच, गारगोटी, शाहूवाडीकडच्या बायकाही वाचतात. ‘ताई, तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं’ असं कुणी लिहिलं की माझा आठवडा गोड जातो.

सगळ्यात जास्त चाललं ते दिवाळीतलं ‘लावायचं’. पांढरी डबी, वर नाव-गाव काही नाही, शाहूपुरीतल्या राजवीरच्या दुकानातली. अरीबा आधीपासून लावत होती. चेहरा असा उजळला की मीच थक्क! आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी टाकला. तो अजून फिरतोय.

या शनिवारी लोणी डोसा, बिटाचा लिप बाम. वाचायचं अजून सापडलेलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

सापडलं. नको ते.

जेवणाच्या सुट्टीत फोनवर चाळत होते. एका डॉक्टरीणबाईंचा लेख. रंग उजळवणाऱ्या काही बिनलेबलच्या क्रीममध्ये पारा असतो. कातडीतून आत जातो. मग किडनी बिघडते— लघवीतून प्रथिनं जायला लागतात, फेस येतो, पाय सुजतात, सकाळी डोळ्यांखाली फुगतं. आणि बायका सांगतात, पण डॉक्टर, चेहरा तर किती छान झालाय!

परत वाचला. मग नुसतं ‘पाय सुजतात’ एवढंच वाचत बसले. एका मॅडमनी मागितलेलं पुस्तक सोडून दुसरंच हातात दिलं.

गुरुवार, ९ जानेवारी

सदर बाजारात अरीबाच्या घरी गेले. लेख दाखवला. तिनं शेवटपर्यंत वाचला आणि फोन परत दिला. म्हणाली, तू काहीही वाचतेस आणि मलाही घाबरवतेस. मी विचारलं, लघवीला फेस येतो का? तिनं दाराकडे बघितलं. चाची चहा घेऊन येत होती.

चाचीला मी सरळ सांगितलं. ती बसली नाही. कप हातात तसाच.

“निकाह तोंडावर आलाय,” म्हणाली. “पोरीला उगं आजारी पाडू नकोस.”

चहा न पिताच उठले. अरीबा जिन्यापर्यंत आली. शेवटच्या पायरीवर माझा दंड धरला.

“येतो फेस,” म्हणाली. “महिना झाला की.”

शुक्रवार, १० जानेवारी

आज तिचे डोळे उघडत नव्हते इतके सुजले होते. शिंप्याकडे जाते म्हणून घरातून निघाली. मी रजा टाकली. दाभोळकर कॉर्नरच्या पुढे किडनीचे एक डॉक्टर बसतात, तिथे गेलो.

डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, बीपी घेतलं. मग विचारलं, “चेहऱ्याला काय लावता?”

 मी पर्समधून अरीबाची डबी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खालून-वरून बघितली. लेबल शोधत होते.

संध्याकाळी लघवीचा रिपोर्ट आला. प्रथिनं भरपूर जातायत. रक्त आणि क्रीम पाऱ्याच्या तपासणीला पाठवलंय. क्रीम आजपासून बंद, औषधं सुरू. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जणी बऱ्या होतात, पण महिने लागतात. आणि हे थांबवलं नसतं तर काय झालं असतं तेही त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

रिक्षात अरीबा रिपोर्टची घडी घालत बसली.  तिच्या तोंडाला ते क्रीम लावून फोटो कुणाच्या पानावर गेला? माझ्या. चार ओळी कुणी लिहिल्या? मी. ‘बिनधास्त लावा’— माझेच शब्द.

शनिवार, ११ जानेवारी

पान रिकामं. पहिल्यांदाच. ‘आज शिदोरी नाही का?’ असे निरोप येतायत.

मला सगळं लिहायचं होतं. आज, आत्ता. पण सकाळीच चाची आमच्या घरी आली. रिपोर्ट तिला कळलाय. आईनं पाट दिला, ती बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तुझ्या पानावर एक अक्षर नको,” म्हणाली. “फोटो कुणाचा हाय? माझ्या लेकीचा. क्रीमनं किडनी जाती म्हणून लिहिलंस की बघणाऱ्याला लगेच कळंल कुणाची. गडहिंग्लजला कळंल. मग कोण करून घेतंय तिला?”

मी म्हटलं, अजून किती बायका लावत असतील चाची. ती म्हणाली, त्यांना त्यांच्या आया आहेत.

मी शब्द दिला. ती गेल्यावर जुनी पोस्ट काढून टाकली. पण लोकांनी पुढे पाठवलेला फोटो कसा काढू?

रविवार, १२ जानेवारी

शब्द दिला. का दिला?

सोमवार, १३ जानेवारी

गारगोटीच्या एका शिक्षिकाबाईंचा निरोप. ‘ताई, तुमची जुनी पोस्ट दिसेना. पण फोटो होता जवळ, त्यावरच्या नावावरून दुकान शोधलं. मुलगी अकरावीत आहे, वर्गात काळी म्हणून चिडवतात. कालपासून लावायला सुरुवात केली.’

फोन हातात घेऊन लायब्ररीच्या मागच्या कपाटांमध्ये जाऊन उभी राहिले. अकरावीत!

लिहिलं— लावू नका. आजच बंद करा. चेहरा धुवायला सांगा. त्यांनी विचारलं, का? मी लिहिलं, नंतर सांगते.

नंतर म्हणजे कधी?

मंगळवार, १४ जानेवारी

राजवीर लायब्ररीत आला. संक्रांत म्हणून तिळगुळाची पुडी घेऊन. काउंटरवर ठेवली, गोड बोला म्हणाला, आणि फोन माझ्यासमोर धरला. गारगोटीच्या बाईंना मी लिहिलेलं सगळं त्याच्या फोनवर! त्यांनी दुकानात जाऊन डबी परत दिली आणि हे त्याला पाठवलं.

मी म्हटलं, त्यात पारा असू शकतो. तो म्हणाला, असू शकतो म्हणजे? रिपोर्ट आहे का? मी म्हटलं, येईल. मग विचारलं, त्यात काय आहे ते तुला तरी माहीत आहे का?  मुंबईहून सुटा माल येतो, एवढंच तो म्हणाला. बिल नाही. नाव नाही. एवढी वर्षं दुकान चालवतोय, कधी कुणाची तक्रार नाही म्हणाला.

आवाज चढला तशी वाचणारी पोरं माना वर करून बघायला लागली. जाताना तो वाकला आणि हळू आवाजात म्हणाला—

“ताई, तुमच्या पानानंच माझा माल चालला. आता तुम्हीच बुडवणार असाल तर मी पण गप्प बसणार न्हाय. त्या पोरीचा फोटो माझ्याकडं पण हाय.”

पुडी तशीच काउंटरवर राहिली. कुणी खाल्ली माहीत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

आईला सांगितलं. ती म्हणाली, उद्यापासून मी येते तुला सोडायला. मी म्हटलं, आई, मी काय शाळेत जाते का? तरी चप्पल दाराशी काढून ठेवलीय तिनं.

गुरुवार, १६ जानेवारी

तपासणी आली. क्रीममध्ये पारा. अरीबाच्या रक्तातही. डॉक्टर म्हणाले, अन्न-औषध खात्याकडे तक्रार करा, रिपोर्टची प्रत मी देतो.

राजवीर काय म्हणाला तेही अरीबाला सांगितलं. मला वाटलं, रडेल. तिनं फोन उचलला आणि माझ्यासमोर सोहेलला लावला. आजार, पारा, औषधं, सगळं एका दमात सांगितलं.  मग तो म्हणाला, नंतर करतो फोन. आणि बंद.

चाची दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

शुक्रवार, १७ जानेवारी

सोहेलचा फोन नाही.

शनिवार, १८ जानेवारी

दुपारी सोहेल आला. गडहिंग्लजहून एसटीनं, एकटाच, हातात काही नाही. मी तिथेच होते. अरीबानं मला उठू दिलं नाही. चाचीनं पाणी दिलं ते त्यानं ग्लास न ठेवता संपवलं.

त्यानं आधी रिपोर्ट मागितला. वाचला. त्याला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. औषधं किती दिवस घ्यायची विचारलं, त्रास काय होतो विचारलं. बोलता बोलता एकदम त्याचा आवाज फाटला.

“पण तुला गोरी व्हायला सांगितलं कुणी?”

“तुझ्या अम्मीनं,” अरीबा म्हणाली.

चाचीनं तोंडाला पदर लावला. अरीबा थांबली नाही. म्हणाली, “बघायला आलात तेव्हा. पोरगी चांगली हाय, जरा उजळ असती तर. मी आत चहा गाळत होते. तू ऐकलंस. तू काय म्हणालास?”

सोहेल काहीच बोलला नाही. तेव्हाही बोलला नसणार.  मग उठला, चाचीसमोर गेला आणि म्हणाला, निकाह ईदनंतर ठेवू, तोवर ही बरी होऊ दे, घरी काय बोलायचं ते मी बोलतो. दारातून परत फिरला. अरीबाला म्हणाला, “चुकलो मी.” शेवटची एसटी चुकेल म्हणून निघाला.

चाची रडली. आनंदानं की कशानं, तिला तरी कळलं का! अरीबा मात्र कोरडी. तिच्या मनात सोहेलबद्दल आता काय आहे, मी विचारलं नाही.

ती म्हणाली, “आता लिही. माझा फोटो टाक. नाव पण टाक.”

मी चाचीकडे बघितलं. मी दिलेल्या शब्दातून तिनं मला मोकळं केलं नाही. पण अरीबाला नाही असंही म्हणाली नाही.

रविवार, १९ जानेवारी

टाकलं.

अरीबाचा आजचा फोटो— सुजलेले डोळे, उजळलेला चेहरा. शेजारी पायाचा, खळगा पडलेला. मी लिहिलं: हे क्रीम आम्ही तुम्हाला लावायला सांगितलं. चूक झाली. त्यात पारा आहे. आज बंद करा, लघवी तपासा. लेख जोडलाय, तो वाचा. अरीबानं खाली एकच ओळ घातली— ‘हा चेहरा माझा आहे. असा नको असेल तर ऐका.’

खायचं काही सुचवलं नाही.

सोमवार, २० जानेवारी

फोन बंद करून ठेवावा लागला, इतके निरोप. शाहूवाडीची एक जण— पाय सुजलेत, सासू म्हणते दिवस गेलेत. इचलकरंजीची एक. गारगोटीच्या बाईंनी मुलीची तपासणी करून घेतली, ठीक आहे! ते वाचून मी लायब्ररीत काउंटरखाली बसून रडले.

शिव्याही आल्या. पैसे खाल्लेस म्हणून. मुसलमान पोरीला पुढे केलंस म्हणून. दोघींना काय काय म्हणून.

तक्रार दिली. दुपारी शाहूपुरीत दुकान बंद होतं. संध्याकाळी राजवीरचा फोन. पत्ता विचारला नाही, मला सांगितला— माझा, गल्लीसकट. “उद्या सकाळी येतो,” म्हणाला. पुढे काहीच नाही. फोन ठेवला.

आईनं दाराची वरची कडी पण लावली. शेजारच्या आकारामकाकांना सांगून ठेवलंय.

मंगळवार, २१ जानेवारी

आला. आकारामकाका काठी घेऊन बाहेर उभे. मी खिडकीतून बघितलं. तो दारापासून लांबच थांबला होता. मागे रिक्षा, रिक्षात त्याची बायको. पाय चपलेत मावत नव्हते म्हणून अनवाणी.

“डब्या हीच भरायची, ताई,” राजवीर म्हणाला. “हातानं. त्या डॉक्टरांचं नाव काय?”

मी कडी काढली. नुसतं नाव सांगून त्याला दवाखाना सापडला नसता. चप्पल घातली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.