अकरा सेकंदं कोरी

लेस्टर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. इरावतीस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली ऑफिसच्या कामाची पानं, त्या स्लोव्हाक फिल्मची फ्रेंच सबटायटल्स, काल पोचली. शुद्धलेखन तेवढं बघ, म्हणालीस. बघितलं, एकही चूक नाही. तीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलं, पण इतकं बिनचूक आणि इतकं बिनडोक काम पाहिलं नव्हतं!

स्लोव्हाक घर. बाप अंगणात बर्फात गोठून गेलेला. वीस वर्षांनी मुलगी आईला विचारते, बाबा आत का नाही आले? पुढे अकरा सेकंदं पान कोरं. मग मुलगी एकदम म्हणते, या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. का, बाई? आईनं काय सांगितलं? फ्रेंच लोकांना ही पोर वेडी वाटेल. तुझ्या त्या मार्सेल नावाच्या भाषांतरकाराला विचार, त्यानं ऐकलं तरी काय? आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी असली वही तोंडावर फेकली असती.

गुडघा बरा आहे. फोन करू नकोस, रागात मी वाट्टेल ते बोलते. लिही.

ओरडणारी, तरी तुझीच,
सुहासिनीमावशी

कार्डिफ, ६ फेब्रुवारी

ती. मावशीस, साष्टांग नमस्कार.

मार्सेलला विचारलं. त्याला स्लोव्हाक येतच नाही! प्रोड्यूसरनं दिलेल्या इंग्लिश स्क्रिप्टवरून त्यानं फ्रेंच केलं, आणि आईचं ते बोलणं स्क्रिप्टमध्ये नव्हतंच. सगळे असंच करतात, म्हणाला. आमच्या यादीतले स्लोव्हाकचे आणखी दोघं भाषांतरकारही तसलेच निघाले. लियाँच्या झुझानाबाई तेवढ्या खऱ्या स्लोव्हाक. आधी फिल्म पाहीन, मग दहा दिवस घेईन, असं त्यांनी कळवलं होतं. मला घाई, म्हणून मीच त्यांना नको म्हटलं.

सतरा तारखेला काम द्यायचंय. बॉसला, ग्वेनला, सांगायचं तर पानं ऑफिसबाहेर तुला पाठवली हेही सांगावं लागेल. नोकरी गेली की व्हिसासाठी नवा स्पॉन्सर शोधायला साठ दिवस, नाहीतर पुण्याचं तिकीट. गप्प बसले तर कुणालाही कळणार नाही. तू काय केलं असतंस?

तू आहेस एवढाच धीर.
इरा

लेस्टर, ८ फेब्रुवारी

चि. इरास, आशीर्वाद.

‘कुणालाही कळणार नाही’, हे तू मला लिहितेस? मला कळलं ना! मी ना फिल्म पाहिली, ना मला स्लोव्हाक येतं. ग्वेनला सगळं सांग, माझं नाव-पत्ताही खुशाल दे. आणि आधी त्या झुझानाबाईंची माफी माग.

एवढं तावातावानं लिहिलं खरं, पण सकाळपासून दोनदा चहा उकळून आटवला. वरची खोली झाडून ठेवली आहे. वेळ आलीच तर ते साठ दिवस इथे काढ.

उत्तराची वाट बघणारी,
मावशी

कार्डिफ, २६ फेब्रुवारी

ती. मावशीस, साष्टांग नमस्कार.

ग्वेनला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. मला लेखी वॉर्निंग दिली आणि प्रोड्यूसरकडून दहा दिवस वाढवून घेतले. नोकरी आहे, अजून तरी.

माझी माफी वाचून झुझानाबाईंनी नुसती फिल्म मागितली. काल त्यांचं फ्रेंच आलं. त्या अकरा सेकंदांत शेगडीवर किटलीची शिट्टी वाजते, आणि त्या आवाजाखाली आई पुटपुटते. बाईंनी तो तुकडा वीस वेळा ऐकला म्हणे. आता ती जागा कोरी नाही. ते वाक्य तुला कळवायला या वेळी ग्वेनची परवानगी घेतली आहे. आई म्हणते, त्यांनी दार ठोठावलं होतं, मीच कडी काढली नाही.

खोली तशीच राहू दे. या शनिवारी येतेय, नुसतीच भेटायला.

तुझी,
इरा