हट्ट्याचे विठ्ठलराव वाचले, तुम्ही का नाही?

अहो,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. लिहायचं काही मनात नव्हतं. पण काल जवळा बाजार गावच्या बाजारात हट्टा गावचे विठ्ठलराव दिसले. नांदेडच्या दवाखान्यात तुमच्या शेजारच्या खाटेवर होते ना, तेच!

वांग्यांवरून बायकोशी हुज्जत घालत होते. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. हा माणूस राहिला, मग तुम्हीच का गेलात?

दोघांचं बायपासचं ऑपरेशन एकाच आठवड्यातलं. दोघांच्याही छातीच्या हाडात पू झाला. वरून कातडी भरून यायची आणि महिन्याभरात पुन्हा वाहायला लागायचं. डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं, "नुसत्या औषधानं भागणार नाही. हाड जोडलेल्या आतल्या तारा आणि सडलेलं हाड काढू, छातीचंच मांस वळवून तिथं बसवू."

विठ्ठलराव तयार झाले. तुम्ही म्हणालात, "एकदा उघडली तेवढी बास. आता न्हाई!"

वर्षभर मी पट्टी बदलत राहिले. तुम्ही सदऱ्याखाली ती लपवून वारंगा फाट्यावर प्रवाशांची जीप घेऊन जायचात. ताप यायचा, तोही लपवलात. काहून हो? शेवटी विष रक्तात भिनलं. आणि मी? तुम्ही चिडाल म्हणून कधी जोरच केला नाही.

काल त्यांच्या बायकोनं, शांताबाईनं, मला बाजूला घेतलं. "ताई, ह्यांचं पुन्हा वाहून राहिलंय. थोडं हाड आत राहिलं म्हणे. डॉक्टर बोलावून राहिले, पण हे जायला तयार न्हाईत. तुमच्या मालकांना बोलू द्या ना, त्यांचं ऐकतील."

तुम्ही गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं! आणि खरं सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, नवरा जाणं म्हणजे काय, आता कळू दे हिलाही. इतकी वाईट झाले मी!

मग लाज वाटली. विठ्ठलरावांसमोर गेले. ते हसून म्हणाले, "भाऊ कसे हायेत?"

"गेले," मी म्हणाले. "छाती पुन्हा उघडू दिली न्हाई म्हणून गेले. त्यांची जखम तर तुमच्याहून लहान होती."

हातातली पिशवी खाली ठेवून ते तिथंच बसले. बायकोकडे बघून म्हणाले, "सोमवारी नांदेडला जातो."

सोमवारी मीही जाणार आहे. त्यांना ऑपरेशनला आत नेतील तेव्हा शांताबाईला एकटं बसू देणार नाही, हा माझा शब्द. पण तो माणूस बरा होऊन घरी आला, की मी पुन्हा जळणार. तेवढं मात्र मला करू द्या.

तुमचीच,
सुमन